मदत हवी आहे: बारक्या कळांनी बाबांचं हृदय वाचलं म्हणे, ते कसं?

कपाशी_मारेगाव: बाबाले अटॅक आला. डॉक्टर म्हणे आधी दोन दिवस बारक्या कळा येऊन गेल्या म्हणून नुकसान कमी झालं. असं कसं? मंग रोज चालवून थोडी कळ आणली तं हृदय पक्कं होईल काय? लवकर सांगा.

सिस्टर_वणी: दादा, वय किती? अटॅक कधीचा? प्लास्टी (हृदयाची बंद नळी उघडणं) झाली का? शुगर?

वायगावची_हळद: अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. माह्या मामाले त्यानंच बरं वाटलं.

बायोचे_सर: बारक्या कळांनी हृदय मोठ्या अटॅकसाठी आधीच सावध होतं, याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. 1986 साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी 5-5 मिनिटं चारदा दाबून सोडली, मग 40 मिनिटं बंद ठेवली. एरवी जेवढा स्नायू मेला असता त्याच्या पाव हिस्साच मेला. रक्त कमी पडलं की पेशीतून अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन सुटतं, पेशी सावध होते, साठवलेली ऊर्जा जपून वापरते.

नांगर_पांढरकवडा: मी दंडाले बीपीचा पट्टा 5 मिनिटं फुगवून सोडतो, चार वेळा. तुमी पण करा, फुकट आहे.

बायोचे_सर: भाऊ, 2019 च्या मोठ्या चाचणीत अटॅकच्या पेशंटना तसंच केलं. मृत्यू कमी झाले नाहीत.

नांगर_पांढरकवडा: मले तं फरक आहे. पुस्तकातलं पुस्तकात ठेवा.

राळेगाव_७: रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, फुले योजनेत लागते. तिकडं बोंडअळी कशी आहे यंदा?

सिस्टर_वणी: बोंडअळी दुसऱ्या धाग्यावर घ्या. दादा, उत्तर द्या.

कपाशी_मारेगाव: वय 62, शुगर आहे. अटॅक 12 दिवसांआधी. प्लास्टी नाई झाली, पुढच्या महिन्यात बोलावलं. आज सकाळी खाटेवर बसल्या बसल्या पुन्हा कळ आली, 10 मिनिटांत गेली. हे तं चांगलंच न?

सिस्टर_वणी: नाही दादा! बसल्याजागी आलेली कळ म्हणजे नळी पुन्हा बंद होऊ पाहते. शुगरवाल्यांत ते संरक्षण कमीच भरतं. चालवू नका, 108 लावा.

बायोचे_सर: सिस्टरचं ऐका. कुत्र्यांच्या त्याच प्रयोगात नळी 3 तास बंद ठेवली तेव्हा आधीच्या कळांचा काही उपयोग झाला नाही. हृदय थोडा वेळ काढून देतं, नळी उघडत नाही.

कपाशी_मारेगाव: 108 लावला. गाडी फाट्यावर येते म्हणे, बाबाले मोटरसायकलवर नेऊ काय फाट्यापर्यंत?

सिस्टर_वणी: नको. गाडी घरापर्यंत बोलवा, उंच उशीवर टेकवून बसवा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.