लोवेलची जुनी कामगार वस्ती बघायचीय, मदत हवी आहे

मंडळी, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला एका दिवसासाठी चाललोय, सोबत आईबाबा आहेत. बूट मिल या जुन्या कापडगिरणीच्या म्युझियममध्ये जुने माग चालवून दाखवतात, कानात बोळे घालावे लागतील एवढा आवाज असतो, ते तर बघणारच. पण मला खरी उत्सुकता एकर नावाच्या वस्तीची, आधी कालवे खणायला आलेले आयरिश, मग गिरणीत राबणारे ग्रीक आणि १९८० नंतर कंबोडियाचे निर्वासित, सगळे इथेच येऊन राहिले. फ्रेंच कॅनेडियन लोकांचं लिटल कॅनडा तर १९६० च्या दशकात पाडूनच टाकलं (काय मिळालं पाडून देव जाणे). तर एकरमध्ये सेंट पॅट्रिक चर्च आणि ग्रीक चर्च सोडून अजून काय बघू? बाबांचे गुडघे दुखतात, म्युझियमपासून चालत जमेल की गाडीच नेऊ?