शब्दचर्चा: 'रोबोटिक हिस्टेरेक्टॉमी'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: मावशीला फायब्रॉइडच्या गाठी आहेत. फाइलवर 'रोबोटिक असिस्टेड टोटल लॅप्रोस्कोपिक हिस्टेरेक्टॉमी' लिहिलंय आणि तिला ते मराठीत सांगायचंय. 'यंत्रमानवाच्या साहाय्याने गर्भाशयोच्छेदन' म्हटलं तर ती घाबरून घरीच बसेल. सुटसुटीत काही आहे का?

शिळोप्या: 'यंत्रमानव' नकोच, मानवासारखं तिथे काही नसतं. रोबो हा शब्द १९२० सालच्या एका चेक नाटकातून आला, मूळ 'रोबोता' म्हणजे वेठ. इथे तो अर्थ फिट बसतो! यंत्र वेठीला, डोकं डॉक्टरचं. मी 'यंत्रहस्त शस्त्रक्रिया' सुचवतो.

ओटीसिस्टर (निवृत्त): यंत्रहस्त छान, पण ओपीडीत कुणाला कळणार? दा विंची नावाचं यंत्र मी जवळून पाहिलंय. सर्जनबाई त्याच खोलीत थोड्या अंतरावर कन्सोलशी, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलाशी, बसतात. त्यांचा हात हलला तरच आतलं हत्यार हलतं, आणि त्याचं टोक मनगटासारखं वळतं. पोटात गॅस भरणं, बारीक छिद्रं, कॅमेरा हे सगळं दुर्बिणीच्या ऑपरेशनसारखंच. गर्भाशय बहुधा योनीमार्गातूनच बाहेर काढतात. म्हणून सांगायचं, 'दुर्बिणीनंच पिशवी काढणार, फक्त हत्यारं रोबोच्या हातात, आणि रोबो डॉक्टरांच्या हातात.'

शिळोप्या: सिस्टर, हे वाक्य माझ्या समासापेक्षा बरं आहे.

ओटीसिस्टर (निवृत्त): पण तुम्ही सगळे 'रोबोटिक'वर अडलात, खरा घोळ 'टोटल'चा आहे. टोटल म्हणजे गर्भाशय आणि गर्भाशयमुख, बस. बीजांडकोश त्यात येत नाहीत. ते काढायचे असतील तर तसं वेगळं लिहितात. मुख ठेवलं तर 'सबटोटल'. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात करतात ती 'रॅडिकल', तिच्यात आजूबाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा भागही जातो. बायका 'टोटल' ऐकून सगळंच गेलं असं धरून चालतात. पाळी सुरू असताना दोन्ही बीजांडकोश काढले तर रजोनिवृत्ती एकदम अंगावर येते, तेव्हा हा फरक साधा नाही.

माणदेशी: 'पिशवी' शब्द मला खटकतो. वापरून झाली की फेकायची वस्तू वाटते. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची २०१९ मधली प्रकरणं आठवा. 'पिशवी काढून टाका' हे किती सहज बोललं जायचं!

ओटीसिस्टर (निवृत्त): खटकतो खरा, पण बायकांच्या तोंडी तोच आहे. मी 'गर्भपिशवी' म्हणायचे.

विषयांतर: अमेरिकेत स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी दा विंचीला २००५ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासून 'रोबोटिक' म्हणजे 'अधिक चांगलं' असा अर्थ जाहिरातींनी चिकटवलाय. साध्या, कर्करोग नसलेल्या आजारात अनुभवी हातांनी केलेल्या नेहमीच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेपेक्षा निकाल ठळकपणे सरस निघालेले नाहीत, खर्च मात्र वाढतो. शक्य असेल तिथे योनीमार्गे, पोटाला छेद न देता करणं हाही पर्याय असतो. २०१८ मध्ये तर गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बीण किंवा रोबोने केलेल्या रॅडिकल शस्त्रक्रियेनंतर आजार उलटण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिसलं.

माणदेशी: म्हणजे विशेषणाचे पैसे!

ओटीसिस्टर (निवृत्त): इतकंही सोपं नाही. पोट फाडण्याची वेळ टळली तर बाई लवकर घरी जाते. आधीच्या ऑपरेशनांनी आतडी चिकटलेली असतील किंवा वजन फार असेल, तर काही सर्जनना रोबो सोयीचा पडतो. मावशीच्या बाबतीत तो का, हे त्यांनाच विचारायचं.

रानजाई: सिस्टरताई, तुमचंच वाक्य सांगते तिला. बीजांडकोशांबद्दल फाइलवर काहीच नाही, ते आणि 'रोबो का', दोन्ही उद्या विचारते.