स्वीडनची प्रेक्षणीय स्थळं : पाटीवर नसलेलं सांगा

'सुंदर आहे, नक्की बघा' याच्या पुढचं लिहा. कारणं, आकडे, जाताना काय सांभाळायचं ते.

—

स्टॉकहोमचं वासा जहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. तोफा ६४, त्याही दोन मजल्यांवर, त्यामुळे सगळा भार वर. तोल सांभाळायला तळाशी दगड सुमारे १२० टन. ते वाढवावेत तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकणार! निघण्याआधी ३० माणसं डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवली होती. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतकं डुललं की चाचणी थांबवली. तरीही सोडलंच. वाऱ्याने जहाज कललं आणि उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं.

लाकूड टिकलं कारण बाल्टिकचं पाणी मचूळ, त्यात लाकूड पोखरणारे जहाजकिडे तग धरत नाहीत. १९६१ मध्ये वर काढल्यावर वेगळीच पंचाईत. असं लाकूड नुसतं वाळू दिलं तर आकसून तडकतं. म्हणून १७ वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे (लाकडातल्या पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन) फवारे मारले.

—

वासाबद्दल थोडी भर. लाकडात मुरलेलं गंधक, गंजलेल्या खिळ्यांचं लोखंड आणि दमट हवा एकत्र आली की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. २००० च्या पावसाळी उन्हाळ्यात भिजलेल्या गर्दीमुळे जहाज ठेवलेल्या संग्रहालयातली हवा दमट झाली आणि लाकडावर क्षार फुटले. आता तिथे तापमान १८ ते २० अंशच ठेवतात. जुलैतही स्वेटर न्या.

—

फालूनच्या तांब्याच्या खाणीत तर आणखी गार, ५-६ अंश. स्वीडनभरच्या लाल लाकडी घरांचा रंग इथल्याच टाकाऊ मातीचा. त्यात पाणी, हिराकस (लोखंडाचा क्षार), जवसाचं तेल आणि राय धान्याचं पीठ. पीठ शिजून खळ होते, तीच रंग धरते. लावायचा तो खरबरीत लाकडावरच. रंधा मारलेल्या फळीवर पकड घेत नाही, जुन्या ऑइलपेंटवर तर मुळीच नाही.

—

किरूनाला जाणाऱ्यांनी जुना नकाशा घरीच ठेवावा. लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचते म्हणून अख्खं गावच सरकवतायत. १९१२ चं ६७२ टनी लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये चाकांवर चढवून ५ किलोमीटर नेलं. दोन दिवस लागले, आधी रस्ता रुंद करावा लागला. जवळच युकासयार्वीचं बर्फाचं हॉटेल. वाहत्या टॉर्न नदीचा बर्फ, म्हणून बुडबुडे कमी आणि काचेसारखा. खोलीत उणे ५ ते ८ अंश. झोपताना थरावर थर चढवू नका: घाम येतो, तो गार पडतो आणि मग हुडहुडी थांबत नाही.