मदत हवी आहे: कॉलेजसाठी बर्लिन की हायडेलबर्ग?

नमस्कार मंडळी. पुढची तीन वर्षं कुठे राहायचं, या विचाराने झोप उडाली आहे. बर्लिनमध्ये शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर धावते, संग्रहालयांचं तर अख्खं बेट आहे; मला नाटकं, मैफली, गर्दी, सगळं हवंय. हायडेलबर्ग त्यामानाने लहान, पण १३८६ सालचं विद्यापीठ, नेकार नदी आणि सायकलवर फिरून होईल एवढंच गाव. तिथे लवकर ओळखी होतील असं वाटतं. मोठ्या शहरात मी आधी राहिले आहे. रविवारी दुपारी खोलीत बसून खालून जाणाऱ्या ट्रामचा आवाज ऐकायचे, बोलायला कुणी नसायचं. ते अजून मनातून जात नाही.

दोन्हीकडे राहिलेलं कुणी आहे का? सहा महिन्यांनंतरही मजा टिकते का? आणि खोलीसाठी जास्त वणवण कुठे करावी लागते?