रहस्यकथांची मुखपृष्ठं: चित्रकला की नुसता भडकपणा?

शिवाजीपार्ककर
परवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर एक जण जुन्या रहस्यकथेला आठशे रुपये मोजत होता. आतलं काही वाचणार नाही, फक्त मुखपृष्ठासाठी घेतोय, असं म्हणाला. हातात पिस्तूल, ढळलेला पदर, मागे काळी सावली. ही कला? चित्रकार दीनानाथ दलालांनी साहित्याच्या पुस्तकांना दिली ती खरी मुखपृष्ठं. बाकी सगळी रद्दी.

खेतवाडी
काल रात्री वाचलं, सकाळपर्यंत राग गेला नाही, म्हणून लिहितोय. या ‘बाकी’त कोण येतं, माहीत आहे ना? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं करणारे रघुवीर मुळगावकर येतात. त्याच मुळगावकरांचे देव कॅलेंडरांवरून घराघरांत गेले. आमच्या आजीने त्यांची लक्ष्मी काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावली होती आणि त्याच खोलीत मामाच्या उशीखाली अर्नाळकरांचा नायक झुंजार असायचा. हात एकच. गालावर स्प्रेने चढवलेली ती मऊ छाया देवीच्या चेहऱ्यावर सात्त्विक आणि पिस्तूलवालीच्या चेहऱ्यावर भडक, असं कसं?

आणि भडक का, तेही ऐका. हे पुस्तक स्टॉलवर दोरीला टांगलेलं असायचं. लोकल पकडायला निघालेल्या माणसाला दहा पावलांवरून दिसलं पाहिजे. छपाई ब्लॉकची, प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. एक ठसा जरा सरकला की ओठांची लाली हनुवटीवर. नाजूक छटा त्या कागदावर टिकायच्याच नाहीत. म्हणून एक मोठा चेहरा, एका बाजूने प्रकाश, बाकी अंधार. ही अडचणीतून निघालेली शैली आहे.

शिवाजीपार्ककर
हात एकच असला म्हणून प्रत्येक काम सारखं ठरत नाही. पोटासाठी केलेलं कामही असतं.

खेतवाडी
दलाल काय हौसेखातर करत होते? १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला, त्याच्या मुखपृष्ठावरच्या सुंदर स्त्रिया विक्रीसाठीच होत्या. तुमच्या घरी ते अंक जपून ठेवले असतील. खरं सांगा.

माटुंगा_पूर्व
तुम्ही दोघंही पदराला बगल देताय. शाळेत असताना आजोबांसाठी लायब्ररीतून पुस्तकं मी आणायचे. मुखपृष्ठ आत दुमडून, छातीशी धरून, कारण कोपऱ्यावरची मुलं बघायची. कथेत ती बाई दोन पानं, तीही बेशुद्ध. मुखपृष्ठ मात्र सगळं तिचं. मला ती चित्रं आवडतात, माझ्याकडे चाळीसेक आहेत. पण ती लाज विसरून मला त्यांच्याकडे बघता येत नाही.

बाइंडरचा_मुलगा
आधी हे सांगा, मुखपृष्ठं उरलीत कुठे? माझे वडील लालबागला बाइंडिंग करायचे. लायब्ररीवाले नवी पुस्तकं आधी आमच्याकडे पाठवत. कव्हर काढायचं, खाकी पुठ्ठा चढवायचा, पाठीवर नंबर. मग भाड्याने.

खेतवाडी
म्हणजे मुळगावकरांची चित्रं तुमच्याच घरात फाडली गेली! रद्दीवाल्याने तरी एवढा नाश केला नसेल.

बाइंडरचा_मुलगा
जपून बोला. दोन टाचण्यांवर धरलेलं, रद्दी कागदाचं पुस्तक शंभर हातांत फिरायचं, तेही मुंबईच्या पावसात. पुठ्ठा नसता तर श्रावणापर्यंत लगदा झाला असता. तुमच्या मामाच्या उशीखालचा झुंजार कदाचित वडिलांनीच शिवलेला असेल. आणि त्यांनी कव्हरं फेकली नाहीत. पत्र्याच्या पेटीत एकावर एक, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवली होती. पुढे आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहायला आलो. २६ जुलै २००५. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा सगळ्याची एकच वीट झाली होती. वडील ती वीट उन्हात ठेवून आठवडाभर कडा सोडवत बसले. एकही सुटली नाही.

खेतवाडी
माफ करा. ‘फाडली’ हा शब्द मागे घेतो.

माटुंगा_पूर्व
आता मीही माझी चाळीस माळ्यावरून खाली काढते. तिथे गळतं.

माझा राग वेगळ्यांवर आहे. वांद्र्याच्या एका हॉटेलात अशी कव्हरं फ्रेम करून लावलीत, आणि माउंट असा कापलाय की कोपऱ्यातली चित्रकाराची सहीच झाकली गेली. वेटरला विचारलं, कोणाचं चित्र? ‘जुनं आहे मॅडम.’ पुस्तक नाही, लेखक नाही, आता चित्रकारही नाही.

शिवाजीपार्ककर
सही झाकणं चूकच. त्यावर वाद नाही.

‘दीपावली’चे अंक आहेत घरी, सहा. काल रात्री काढून पाहिले. मुळगावकरांना रद्दी म्हणायला नको होतं, एवढं मान्य. ज्यांना सही करण्याइतकंही चित्र जमलं नव्हतं, त्यांच्याबद्दल माझं मत तेच आहे. आणि आठशे रुपये जास्तच.

बाइंडरचा_मुलगा
कव्हर शाबूत होतं का पण?