मालाच्या जागा बदलणाऱ्या दुकानांची वकिली करणाऱ्यांसाठी

राजेंद्रनगरच्या काकू
परवा इथे, आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर, एका चिरंजीवांनी लिहिलं होतं की सुपरमार्केटमध्ये रॅकच्या जागा बदलल्या की काही जणांना लगेच सुतक लागतं. जरा फिरा, तेवढाच व्यायाम होईल, दोन नव्या वस्तू दिसतील, आणि नाहीच सापडलं तर अ‍ॅप आहे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हाच उत्तर देणार होते, पण घरात पाहुणे होते. आता देते.

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी गेले होते. साबुदाणा डाळींच्या रॅकला असतो, खालून दुसरी फळी, मोरधनाच्या (म्हणजे वरीच्या) शेजारी. तिथे बाळांचे डायपर. डाळी गेल्या होत्या चहाच्या जागी, चहा बिस्किटांकडे, आणि मोरधन म्हणे ‘हेल्थ’मध्ये. टी-शर्टवाल्या मुलाला विचारलं तर म्हणतो, “आंटी, उधर देख लो, मैं भी आज ही इस तरफ आया हूँ.” साबुदाणा शेवटी सापडला तो सुक्या मेव्याजवळ. डोळ्यांसमोर दोनशे ग्रॅमची झिपवाली चकचकीत पिशवी, आणि साधं किलोचं पाकीट अगदी तळाला, तेही मागे सरकवलेलं. माझे गुडघे कसे आहेत ते या ग्रुपला ठाऊक आहे. रॅकला धरून बसले, पाकीट काढलं, उठायला एका अनोळखी मुलीने हात दिला.

आणि गंमत ऐका. छोट्या पिशवीवर एका ग्रॅमचा भाव छापावा लागतो, तो छापलाय, मुंगीच्या अक्षरात: ०.१४ रुपये. किलोच्या पाकिटावर फक्त एमआरपी, ८५. आता हजाराने गुणा उभ्या उभ्या, मागे कोणाची तरी ट्रॉली पायाला लागत असताना. किलोला १४० पडतात हे घरी जाऊन कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुकान पाठ करायला मला वेळ लागलाय. यादी हातात न घेता मी अर्ध्या तासात महिन्याचं सामान काढत होते, ती माझी मेहनत. ती यांनी एका रात्रीत पुसली आणि वर तुम्ही व्यायाम सांगताय. सणाचं सामान हलवा, चॉकलेटं हलवा, मला काय. मीठ, तूरडाळ, पोहे, तेल, अंगाचा साबण हलवायचं कारण काय ते कोणीतरी सांगा. आणि हलवलंच तर दारात एक पाटी लावा.

पलासियाकर
तो चिरंजीव मीच. काकू, आदर ठेवून बोलतो, ‘काही जणांना’ म्हटलं होतं, तुमचं नाव घेतलं नव्हतं. तुम्ही अंगावर ओढून घेतलंत.

मुद्दा असा की दुकान त्यांचं, भाडं ते भरतात, विजेचं बिल ते भरतात. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, आधी गुलाल-पिचकाऱ्या पुढे येणार, दिवाळीत ड्रायफ्रूटचे डबे, एप्रिलमध्ये सरबतं. एक वस्तू पुढे आली की दहा मागे सरकतात, यात कट कुठला? आणि त्रास होतो तर जाऊ नका ना. तेलाच्या पाउचवर चार रुपये कमी असतात म्हणून सगळे जातात आणि घरी येऊन शिव्या देतात.

राजेंद्रनगरच्या काकू
डायपरचा कुठला सण असतो, बाळा?

मल्हारगंजवाला
काकूंना शंभर टक्के पाठिंबा. पण रोग मुळात आहे. माल गिऱ्हाइकाने शोधायचा हेच चूक. पूर्वी यादी द्यायची, बाकड्यावर बसायचं, शेटजी चहा सांगायचा, आतला पोऱ्या पुड्या बांधून आणायचा. कुठला डबा कुठे हे दुकानदाराने लक्षात ठेवायचं. त्याने डबे हलवले तर शोधाशोध त्याचीच. मिरची-धने मारोठिया बाजारातून, वर्षाचे गहू वेगळे, बाकी सगळं एका यादीवर. आज आपणच हमाल, आपणच पोऱ्या, आणि कार्ट ढकलत स्वतःला मोठे साहेब समजून राहिलो.

जेलरोडचे आजोबा
हा प्रकार सुरू कोणी केला तेही सांगतो. अमेरिकेत मेम्फिस गावी क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने १९१६ मध्ये ‘पिगली विगली’ दुकान काढलं. तोवर तिकडेही नोकरच माल काढून द्यायचा. याने फिरतं फाटक लावलं आणि आतली वाट अशी आखली की एकदा शिरलं की सगळ्या फळ्यांसमोरून गेल्याशिवाय पैसे भरायच्या टेबलापर्यंत पोचताच येऊ नये. त्याचं १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. तेव्हा पलासियाकर, ‘यात कट कुठला’ हे त्या साँडर्सला सांगू नका, तो हसेल.

पलासियाकर
आजोबा, त्याच फाटकामुळे नोकरांचा पगार वाचला आणि माल स्वस्त झाला, ते राहिलं सांगायचं.

सुदामानगरची ताई
मल्हारगंजवाले दादा, तुमच्या बाकड्यावर कोण बसायचं? पुरुष. चहा कोणाला सांगायचे? पुरुषांना.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच दुकान होतं, तुमच्या स्वप्नातलं. सॅनिटरी नॅपकिन मागायचे तर आधी दुकान रिकामं होईपर्यंत खडीसाखर निवडत उभं राहायचं. मग हळूच बोलायचं. मग शेटजी मोठ्याने आतल्या पोऱ्याला ओरडून सांगणार, पोऱ्या हसणार, वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, चोरीचा माल दिल्यासारखं हातात देणार. आणि संध्याकाळी सासूबाईंना विचारणार, “बहूजी आई थीं, सामान बराबर था ना?” घरात कोण आजारी, कोणाकडे तूप जास्त लागतंय, कोणाचा पगार झाला नाही, सगळं त्याला माहीत आणि त्याच्याकडून गल्लीला.

पहिल्यांदा मॉलमध्ये गेले, रॅकवरून पाकीट उचललं, ट्रॉलीत टाकलं. कोणी बघितलं नाही, कोणाला सांगावं लागलं नाही. त्या एका गोष्टीसाठी त्यांनी माझ्या डाळी दर रविवारी हलवल्या तरी चालेल.

मल्हारगंजवाला
ताई, एका दुकानदारावरून सगळ्यांना झोडू नका. माझे वडील तेच ‘शेटजी’ होते. मराठी माणूस, किराण्याचं दुकान, लोकांना नवल वाटायचं. सकाळी सियागंजाच्या ठोक बाजारातून माल, रात्री दहाला शटर.

१९९१ च्या डिसेंबरात इथली हुकुमचंद कापड मिल बंद पडली. आमची निम्मी गिऱ्हाइकं मिलची. पगार थांबला, उधारीची वही थांबली नाही. डाळ-तांदूळ जात राहिला. कोणी म्हणे दोन महिन्यांत मिल सुरू होईल, कोणी म्हणे कोर्टातून पैसे येतील. ते पैसे आले २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षं. तोवर वडील नव्हते आणि ज्यांची नावं वहीत होती त्यांतलेही किती जण नव्हते. आईने एकदा वसुलीचा विषय काढला तर वडील जेवणावरून उठून गेले होते. अशी उधार कुठलं सुपरमार्केट देईल हो? तिथे कार्ड चाललं नाही तर ट्रॉली बाजूला ढकलतात. माझ्या वडिलांना गल्लीच्या चहाड्या सांगणारा ठरवण्याआधी दहा वेळा विचार करा.

सुदामानगरची ताई
मी तुमच्या वडिलांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा. त्यांना नमस्कार, मनापासून. पण मिलच्या त्या घरांतून उधारीवर सामान आणायला कोण जायचं? बायकाच जायच्या. नवरा घरात तोंड लपवून बसायचा आणि ही पिशवी घेऊन “वहीत लिहा” म्हणायची, चार लोकांसमोर. तुम्हाला वही आठवते, मला ती बाई दिसते.

मल्हारगंजवाला
म्हणजे उधार द्यायचीच नव्हती?

सुदामानगरची ताई
हे मी कुठे म्हटलं? तुम्हाला ऐकायचं तेच ऐकू येतं, हाच प्रॉब्लेम आहे.

जेलरोडचे आजोबा
विषय रॅकचा होता.

इंदूरहून_पुण्याला
माझं ऐका. आई-बाबा तिकडे लोकमान्य नगरात, मी पुण्यात. गेल्या वर्षी बाबा दुकानात असेच काहीतरी शोधत फिरून दमले, खाली बसले, तिथल्या माणसाने मला फोन केला. तेव्हापासून मी इथून अ‍ॅपवर मागवतो, दहा-वीस मिनिटांत दारात. काकू, तुम्हीही तेच करा, गुडघ्यांचा प्रश्नच मिटला.

राजेंद्रनगरच्या काकू
बाबांना विचारलंस का, त्यांना ते हवंय का?

इंदूरहून_पुण्याला
त्यांना काय विचारायचं, ते नाहीच म्हणणार. मी दूध मागवलं तरी पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि अजून एक दूध आणतात. आई दोन-दोन पिशव्यांचं दही लावते.

राजेंद्रनगरच्या काकू
मग उत्तर मिळालं की तुला.

स्टोअरवाला_भिया
एवढा वेळ वाचतच होतो. मी अशाच एका स्टोअरला फ्लोअरवर आहे, नाव विचारू नका, नोकरी आहे. आता दोन्हीकडच्यांनी शिव्या द्या, पण आधी ऐका.

जागा आम्ही बदलत नाही. वरून प्लॅनोग्राम येतो, फोटोसकट. कुठल्या फळीवर कुठल्या कंपनीचं पाकीट, किती तोंडं पुढे दिसली पाहिजेत, सगळं त्यात. रात्री शटर पडल्यावर करायचं, सकाळी फोटो काढून पाठवायचा. डोळ्यांच्या उंचीची फळी आणि रांगेच्या टोकाचा रॅक, या जागांना कंपन्या पैसे मोजतात. करार संपला की नवीन कंपनी, नवीन जागा. काकूंचं किलोचं पाकीट तळाला गेलं कारण त्याच्यासाठी पैसे मोजणारं कोणी नाही. शिवाय वजनदार माल खाली ठेवावाच लागतो, वरून पिठाची दहा किलोची पिशवी कोणाच्या डोक्यात पडली तर मग बोला.

बाकी मागे सरकवलेलं म्हणाल तर ते आम्ही नाही, तुम्ही. जुन्या तारखेचा माल पुढे आणि नवा मागे लावायचा असतो. प्रत्येक गिऱ्हाईक कोपरापर्यंत हात घालून मागचं काढतं आणि पुढचं उलटंपालटं करून जातं. दुधाच्या फ्रिजचं तर विचारूच नका. पनीरचं पाकीट साबणाच्या रॅकवर ठेवून लोक निघून जातात, ते आम्हाला वासावरून सापडतं.

आणि २२ सप्टेंबर २०२५ आठवतोय? साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ झाला. बाहेर सगळे खुश. आम्ही आदल्या रात्री प्रत्येक फळीवरची भावाची पट्टी काढून नवी लावत होतो, पाकिटावर जुनी एमआरपी आणि बिलात नवी, मग दिवसभर काउंटरला तेच भांडण. त्या घाईत शांपूचा अख्खा रॅक हलला तो हललाच.

नवीन पोराला तीन दिवस कुठे काय आहे ते सापडत नाही, म्हणून तो ‘उधर देख लो’ म्हणतो. त्याला रागावू नका काकू, त्याला खरंच माहीत नसतं.

राजेंद्रनगरच्या काकू
त्याला नाहीच रागावले. त्याच्या हेड ऑफिसला रागावतेय. म्हणजे जागा बदलण्याचे पैसे कंपनी देते, ते दुकान घेतं, आणि चालायचं आम्ही. पलासियाकर, ऐकताय ना? तुमच्या व्यायामाची फी दुसरंच कोणीतरी घेऊन राहिलंय.

पलासियाकर
ऐकतोय. बरं, मीठ-डाळ-तेल एका जागी असावं, चला, मान्य. दारात पाटीही मान्य. खुश? पण अ‍ॅपचा मुद्दा सोडणार नाही. तिथेही सर्च केलं की वर जाहिरातीतलाच माल येतो, पण निदान गुडघे दुखत नाहीत.

जेलरोडचे आजोबा
म्हणजे तिथेही रॅकच. उंच फळी, खालची फळी. साँडर्स जिंकला.

मल्हारगंजवाला
माझ्या वडिलांच्या दुकानात...

सुदामानगरची ताई
दादा, पुरे आता. बाकड्यावर बसा, चहा सांगते.

मल्हारगंजवाला
टोमणा कळला. चहा साखर कमी.

विजयनगरची नवी
मध्येच विचारते, सॉरी. कोणत्याही दुकानात जाडे पोहे मिळून राहिलेत का? आमच्याकडे सगळीकडे पातळच ठेवलेत.

पलासियाकर
इंदोरी पोहे पातळ पोह्यांचे कोण करतं? वाफेवर लगदा होईल.

इंदूरहून_पुण्याला
पुण्यात करतात. वर ओलं खोबरं घालतात आणि वरून भुरभुरायचा जीरावण मसाला विचारला तर तोंडाकडे बघतात.

स्टोअरवाला_भिया
ताई, जाडे पोहे आमच्याकडे आहेत. आत्ता पापडांच्या रॅकला, उजवीकडे. पण परवा रात्री नवरात्रीचा नवा प्लॅनोग्राम लागतोय, उपासाचं सगळं गेटजवळ येणार, पापडांचा रॅक उठणार. उद्या संध्याकाळपर्यंत आलात तर सांगितलेल्या जागी मिळतील.

राजेंद्रनगरच्या काकू
भिया, नंतर कुठे जातील तेवढं टाक इथे. हेड ऑफिसला नको कळू देऊस.