मुलगी स्वतःचे फोटो पुसून टाकते; तिची समजूत कशी घालावी?

प्रश्न: एक आई, अशोक चौक, सोलापूर

माझी मुलगी अकरावीत आहे. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यापाशी सर्वांआधी पोहोचणारी ही मुलगी यंदा ‘फोटो काढणार असाल तर मी येत नाही’ म्हणाली. स्वतःच्या फोटोत गाल बारीक आणि रंग उजळ करून ती पाहत बसते व मूळ फोटो पुसून टाकते. ‘तू छानच दिसतेस’ म्हटले, की ‘तू आई आहेस म्हणून म्हणतेस’ हे उत्तर ठरलेले. दोष मोबाइलचा, की तिच्यात आत्मविश्वासच कमी आहे?

उत्तर: मानसशास्त्राची प्राध्यापिका

दोन्ही एकमेकांना धरून चालतात. माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले होते. फरक इतकाच, की पूर्वी ही तुलना वर्गातल्या मुलींशी होई आणि आता ती घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यांशी होते. फिजीमध्ये भरलेला बांधा चांगला मानत. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली, आणि संशोधक ॲन बेकर यांच्या १९९८ च्या पाहणीत वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या शाळकरी मुली ११.३ टक्के निघाल्या; तीन वर्षांपूर्वीच्या पाहणीत तशी एकही नव्हती. जिचा स्वतःवरचा विश्वास आधीच डळमळीत आहे, तिला ही तुलना अधिक लागते. ‘छान दिसतेस’ म्हणताना आपणही तिला दिसण्यावरच मोजतो, म्हणून ती स्तुती तिच्या मनाला पटत नसावी.

उत्तर: शिवणकाम करणारी, नवी पेठ

कमरेला टेप लावताच निम्म्या बायका श्वास रोखून पोट आत घेतात. ते माप खरे धरले तर ड्रेस हमखास घट्ट होतो, म्हणून मी त्यांना बोलते करते (बोलताना श्वास रोखता येत नाही) आणि मग आकडा लिहिते. वर शिवणीत इंचभर माया ठेवते ती वेगळीच. कॉलेजच्या मुली तर ‘आकडा मोठ्याने सांगू नका’ म्हणतात. आणि सगळा दोष मोबाइलवर ढकलू नका. स्थळाच्या कागदावर ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द मोबाइलच्या आधीपासून आहेत.

प्रश्नकर्ती

हे वाचून आठवले: ती पाचवीत होती तेव्हा ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ म्हणत दर रविवारी तिच्या तोंडाला हळद-बेसन मीच लावत असे.